अंगुरीबाईंचा डावा कान आणि विलायतेचा भाव

श्री जिनेंद्र प्रसन्न.

कसबे वाशीम येथील कापडपेठेत मिश्रीलाल यांचे दुकान नांदते आहे, आणि त्या दुकानाच्या गादीवर जरी मिश्रीलाल बसत तरी त्या गादीवरून हुकूम ज्यांचा सुटत असे, त्या वज्रचुडेमंडित अंगुरीबाईसाहेब यांच्या डाव्या कानाची पाळी कैसी तुटली, ती जोडावी म्हणोन विलायतेपासून अकोल्यापावेतो भाव कसकसे काढिले, आणि अखेर फत्ते कैसी जाहली, ही हकीकत पुसणारे बहुत, आणि खोटी सांगणारे त्याहून बहुत. सबब होती तैसी लिहिली असे. यात बाईसाहेबांची थोरवी आहे तैसी फजितीही आहे, आणि फजितीचे पारडे जड भरले तर तो दोष तराजूचा नव्हे, मालाचा. बाईसाहेब शाळेत दुसरीपावेतो गेल्या होत्या, उपरांतिक मास्तरांनी त्यांस आणि त्यांनी मास्तरांस सोडिले. हकीकत त्यांच्याच तोंडची, तेव्हा या लिहिण्यात काना-मात्रा इकडची तिकडे जाहली असेल तर वाचणाराने आपल्या पदरची घालोन घ्यावी.

मूळ कारण झुमके. मिश्रीलालांचे पणजे मारवाडातून वऱ्हाडात उतरले ते एक तराजू, दोन झुमके आणि बहुत भूक घेऊन उतरले, ऐसे घराण्यात बोलतात. मग भूक भागली, आणि तराजू बदलला, आणि झुमके मात्र तैसेच राहिले, एकेक तीन तोळ्यांचा, घुंगरांसकट. त्यांचा कायदा ऐसा की ते पेटीतून कोणास द्यावयाचे नाहीत, कानातून कानात जावे. धाकट्या लेकाचे लग्न निघाले की सासूने झुमके घालोन मांडवात पाटावर बसावे, आणि नव्या सुनेच्या आईने भर समाजात आपल्या हाताने सासूच्या कानाचे पेच उलगडावे, आणि झुमके काढोन लेकीच्या कानात घालावे. यास घरात कानउतार म्हणत. पेच परक्या हाताने उलगडायचा, सबब दोऱ्याने बांधिले, साखळीवर टांगिले, ऐसी लबाडी तेथे चालत नसे. आणि ज्या सासूचा कान धड नसेल तिचा हक्क बुडोन तो पुढल्या जावेकडे जाई, आणि झुमक्यांची वहिवाटही तिच्या घराण्यात जाई, ती कायमची.

पुढली जाऊ म्हणजे भागिरथीबाई, मिश्रीलालांच्या धाकट्या चुलतभावाचे कुटुंब. संस्थान शेलूबाजार, दुकान सडकेवर. या दोघी जावांत उघड लढाई कधी जाहली नाही, आणि सलूख तर मुळीच जाहला नाही.

आता कान तुटला कैसा, तो मजकूर. झुमके सणावारी घालावे ऐसा शिरस्ता असोन बाईसाहेब ते देरासरात दर्शनास घालीत, आणि हळदीकुंकवास घालीत, आणि कोथिंबीर घेण्यास पेठेत निघाल्या तरी सहा तोळे कानात असत, की शेलूबाजारच्या जीपवाल्याने पाहावे आणि तिकडे जाऊन सांगावे. येणेकरून कानाच्या पाळ्या वर्षास वर्ष लांबत चालिल्या. मग एके दुपारी थोरली सून रांधणीघरात आपल्या बहिणीशी काही हलक्या आवाजात बोलत होती, आणि राज्यात हलक्या आवाजात काय बोलिले जाते हे कळणे राज्यकर्त्यास अवश्य, सबब बाईसाहेबांनी बाहेरून खिडकीच्या गजास कान लाविला. तितक्यात पाठीमागून मिश्रीलालांनी हाक मारिली. बाईसाहेब आपण तेथे नव्हतोच ऐसा चेहरा करोन झटकन वळल्या. त्या वळल्या आणि झुमका गजात राहिला. घरात जाहीर केले ते ऐसे की नातवाने लाडात ओढिला. नातू त्या समयी मधल्या सुनेसंगे आठ कोसांवर आजोळी होता, परंतु त्यास अजून बोलता येत नव्हते, सबब आरोप कायम राहिला.

तेव्हापासून बाईसाहेबांचा पदर डाव्या बाजूने जो खाली आला तो वर गेला नाही. तुटल्या पाळीचे दोन शेपे जाहले होते, आणि रात्री आरशात पाहिले की ते सरड्याच्या जिभेसारखे दिसत, आणि बाईसाहेब आरसा पालथा घालीत. लोकांस वाटे, बाईस उतारवयात मर्यादा सुचली. मर्यादेचा हा मान बाईसाहेबांनी चार वर्षे खुशाल घेतला.

शके अठराशे अठ्ठ्याण्णव, नलनाम संवत्सरी, मार्गशीर्षात धाकटे चिरंजीव देवेंद्रकुमार यांची सोयरीक केनवडच्या सुंदरबाईंच्या लेकीशी, अंजनाशी, जमली. सुपारी फुटली आणि माघातला मुहूर्त निघाला. घरात पेढे वाटिले, आणि बाईसाहेबांनी पेढा हाती घेतला, आणि तैसाच ताटात परत ठेविला. कान नाही तर कानउतार नाही, कानउतार नाही तर झुमके शेलूबाजारी, आणि सर्व समाजासमक्ष भागिरथीने पाटावर बसावे आणि आपण पंगतीत पाणी वाढीत फिरावे, हे चित्र डोळ्यांपुढे उभे राहिले. मग खलबत जाहले आणि हुकूम सुटला की कान जोडावा, खर्चास मागेपुढे पाहू नये, मात्र भाव पाहिल्याबिगर घेऊ नये.

कारण पेठेचा कायदा तो कायदा. तीन ठिकाणचा भाव काढिल्याबिगर या घराण्यात चिंधीही घेतली जात नसे, मग कान तो काय.

त्याच सुमारास बाईसाहेबांचा भाचा कांतीलाल, जो विलायतेत लेस्टर नामे शहरी गिरणीत नोकरीस होता, तो लग्नासाठी म्हणोन महिना आधीच दाखल जाहला, अंगावर लोकरीचा कोट आणि तोंडात तिकडील गोष्टी. त्यास गादीवर बसवोन, दार लोटोन, बाईसाहेबांनी पदर सारिला आणि कान दाखविला. कांतीलाल आत्यास भुवाजी म्हणे; तो म्हणाला की भुवाजी, आमच्याकडे हे चहा पिण्याइतके सोपे आहे. तेव्हा बाईसाहेब बोलिल्या,

"चहाचं नको सांगू. भाव सांग."

"सरकारी दवाखान्यात फुकट असते भुवाजी, पन हे काम थे करत नाई. याले थे शौक म्हनतेत. खासगीत जाच लागते. दीडशे पौंड."

"शौक?" बाईसाहेबांचा आवाज दुकानापावेतो गेला. "कान तुटला अन् शौक? अन् दीडशे पौंडात कानच देतेत का संगं एखांदी बाईबी देतेत कामाले?"

पौंडाचे रुपये पंधरा, दीडशे पौंडांचे बावीसशे पन्नास, हे मिश्रीलालांनी बोटे न हालविता सांगितले. वरी विमानाचे जाणे-येणे वेगळे, तो आकडा मात्र त्यांनी मनात केला आणि तोंडाने सांगितला नाही, कारण त्यांस पाणी प्यावेसे वाटले. मग कांतीलालाने तिकडील आणखी भाव सांगितले, की तेथे बायका नाक आखूड करोन घेतात त्याचे इतके, आणि पोटाची चरबी काढितात त्याचे इतके, आणि वय जाहले की तोंडाची कातडी कानामागे ओढोन शिवून घेतात, म्हणजे तोंड वर जाते, त्याचे तर पाचशे पौंड.

"तोंड वर कराचे पाचशे पौंड!" बाईसाहेब म्हणाल्या. "आपल्याइथं सुना फुकटात करतेत."

आता खरे लिहावे तर बाईसाहेबांचे मन विलायतेकडे ओढले होते. भावास भिऊन नव्हे, भावावर भुलोन. बावीसशे पन्नास रुपयांचा कान! ऐसा कान शेलूबाजारात कोणास आहे? पंगतीत बसोन नुसते म्हणावे की हा कान विलायतचा, आणि पुढे काही बोलू नये. तीन दिवस बाईसाहेबांनी पेठेत वदंता उठू दिली की त्या विमानाने जाणार, आणि भाजीवालीने पुसिले तर "पाहू" इतकेच म्हणाल्या, आणि ते "पाहू" ऐसे म्हणाल्या की जणू विमान बाहेर जुंपून उभे आहे. चौथे दिवशी सहज पुसिले की तिकडे सांजचे जेवण कैसे, दिवस मावळण्याआत होते ना? तेव्हा कांतीलाल खाली पाहोन बोलिला की भुवाजी, पौषात तेथे दिवस चार वाजता मावळतो, आणि कधी कधी तर उगवला की नाही हेच कळत नाही. हे ऐकोन बाईसाहेबांनी बोटांवर वेळ मोजिली. तीन वाजता रात्रीचे जेवण! मग त्यांनी निर्णय दिला की विलायत हा मुलूख जैनांच्या कामाचा नाही, आणि धर्मासाठी विमान सोडिले ऐसे जाहीर करावे. मिश्रीलालांनी धर्माचा बहुत जयजयकार केला.

मुंबईचा भाव हजार निघाला, परंतु मुंबईस उतरायचे म्हणजे बाईसाहेबांच्या बहिणीकडे, आणि बहिणीस कान दाखविणे हे भागिरथीस दाखविण्याहून बरे ऐसे कोण म्हणेल? सबब मुंबई बाद. मग खबर लागली की अकोल्यास एक डाक्टर मुंबईहून शिकून आला आहे, भाजलेल्यांची कातडी नीट करितो, फाटके ओठ जोडितो, आणि कानही शिवतो. त्यावर मोहीम ठरली.

पौषात कूच जाहले. मिश्रीलाल खाशा स्वारीबरोबर होते, मात्र त्यांची अवस्था बिकट. कारण त्या साली सरकारी नसबंदीची धरपकड होती, आणि मुलखात ऑपरेशन हा शब्द उच्चारिला की बाप्ये माणसे तुरीच्या शेतात पळत, आणि वाशीमच्या स्टँडावर बाईसाहेबांनी कंडक्टरास मोठ्याने सांगितले की ऑपरेशनसाठी दवाखान्यात जातो, आम्हा दोघांस पुढे जागा दे. तेव्हा सारी यष्टी मिश्रीलालांकडे करुणेने पाहू लागली, आणि एका म्हाताऱ्याने तर त्यांच्या हातावर हात ठेवोन म्हटले, "शेटजी, दुखत नाई म्हन्तेत." मिश्रीलालांनी टोपी डोळ्यांवर ओढिली ती अकोल्यास काढिली.

डाक्टर तरुण, उंच, आणि कमी बोलणारा. त्याने कान पाहिला, दिव्याखाली पुन्हा पाहिला, आणि सांगितले की काम सोपे आहे, दोनशे रुपये. बाईसाहेब सरसावल्या.

"डाक्टरसाहेब, बोटभर शिवणीचे दोनशे? आमचा शिंपी एवढ्यात सगळ्या वरातीचे सदरे शिवून देते."

"मग शिंप्याकडे जा, बाई."

हा वार बाईसाहेबांनी छातीवर घेतला आणि पेठेतले मोठे हत्यार बाहेर काढिले, म्हणजे उठल्या. शिरस्ता ऐसा की गिऱ्हाईक उठले आणि पायरीपावेतो गेले की दुकानदार मागून हाक मारितो, आणि त्या हाकेसरशी भाव खाली येतो. बाईसाहेब पायरीवर आल्या, हाक आली नाही. दुसऱ्या पायरीवर आल्या, हाक आली नाही. फाटकाशी वाकोन चप्पल नीट केली, जी नीटच होती, आणि इतक्या वेळात तर कापडाचा अख्खा तागा उतरला असता. आतून डाक्टराने पुढल्या रोग्याचे नाव पुकारिले. त्या माणसास पेठेची रीतच ठाऊक नव्हती! ऐशा अडाण्याशी लढावे तरी कैसे? बाईसाहेब माघारी आल्या आणि म्हणाल्या की छत्री राहिली. पौषात छत्री आणिलीच कोठे होती, ऐसे मिश्रीलाल पुसणार तो बाईसाहेबांनी त्यांजकडे पाहिले, आणि मग मिश्रीलालही छत्री शोधू लागले.

छत्री शोधिता शोधिता बाईसाहेबांनी दुसरा मोर्चा लाविला. दोनशांत काय काय धरिले आहे, ते फोडोन सांगावे. डाक्टर म्हणाला की तुटलेले जोडायचे एकशेवीस, आणि जोडिताना कातडीची वळकटी करोन भोक जागच्या जागी राखायचे, ते नाजूक काम आहे, त्याचे ऐंशी. हे ऐकताच बाईसाहेबांस विजयाचा मार्ग दिसला.

"भोक कायले? भोक तं आमचा सोनार फुकट पाडून देते. तुमी नुसतं शिवा."

"पण बाई, भोक पाडायला नंतर..."

"भोकाचं बोलाचं काम नाई. एकशेवीस. सौदा पक्का."

डाक्टराने खांदे उडविले. इतिहासात मोठमोठी राज्ये बुडाली ती ऐशाच क्षणी, जेव्हा समोरचा खांदे उडवितो आणि आपणास तो फत्तेचा झेंडा वाटतो.

मग सुईदोऱ्याचा प्रश्न निघाला. बाईसाहेबांनी पुसिले, धागा कशाचा? डाक्टर म्हणाला, एक मेंढीच्या आतड्याचा असतो. तेव्हा बाईसाहेब खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. डाक्टर म्हणाला, दुसरा रेशमाचा. बाईसाहेब म्हणाल्या, रेशमाचे किडे उकळत्या पाण्यात मरतात हे तुम्हास शाळेत शिकविले नाही का? डाक्टराने मग बहुत वेळ कपाट धुंडिले आणि म्हणाला की एक नायलॉनचा आहे. तेव्हा बाईसाहेबांचे मुख प्रसन्न जाहले, कारण नायलॉनचे लुगडे वाशीम कसब्यात प्रथम विकिले ते याच घराण्याने, आणि नायलॉनात कोणी जीव मेल्याचे ऐकिवात नाही. जीवहत्या न होता, नायलॉनाने, पाऊण तासात कान शिवला गेला. सुई टोचिली तेव्हा बाईसाहेबांनी हूं की चूं केले नाही. केले ते मिश्रीलालांनी, दाराबाहेर.

ऐंशी रुपयांची ही लूट घेऊन स्वारी वाशीमास परत आली आणि पट्टी बांधोन गादीवर बसली, आणि आल्यागेल्यास सांगत सुटली की विलायतेत जे बावीसशांत होते ते आम्ही एकशेवीसात आणिले, आणि भाव करता आला पाहिजे. कांतीलाल दररोज ऐके आणि लोकरीच्या कोटात घामाने भिजे.

आठव्या दिवशी टाके काढण्यास पुन्हा अकोला. पट्टी सुटली, आरसा दिला, आणि बाईसाहेबांनी पाहिले तो पाळी अखंड, गोल, नितळ, जैसी तान्ह्या लेकराची. डोळ्यांत पाणी आले, ते त्यांनी धूळ म्हणोन पुसिले. मग म्हणाल्या की आता उद्याच सोनाराकडून भोक पाडितो, लग्न पंधरा दिवसांवर आहे. डाक्टर चिमटा धुत होता, तो थांबला.

"भोक? तीन महिने सुईचं नाव काढू नका. आत्ता पाडलंत आणि वजन घातलंत तर शिवण उसवेल, आणि मग मलाही जोडता येणार नाही. त्या दिवशी हेच सांगत होतो, तर तुम्ही म्हणालात बोलायचं काम नाही."

  मिश्रीलालांनी यष्टीत ते वाचलेले ऐंशी रुपये दोनदा मोजिले, आणि त्यांचे ते मोजणे बाईसाहेबांस टाक्यांहून जास्ती टोचिले. चार वर्षे तुटका कान होता तेव्हा निदान त्यात भोकाचा अर्धा तरी भाग होता. आता एकशेवीस रुपये देऊन कान ऐसा जाहला की जणू त्यात जन्मात काही घातलेच नाही. घरच्यांनी पाहिला आणि सर्वांनी वाखाणिला, आणि जो तो वाखाणी त्यावर बाईसाहेब खेकसत.

लग्नाच्या बांगड्या भरण्यास शेजारची सुलतानबी आली. ती बांगड्यांचा धंदा करी आणि कसब्यातले प्रत्येक मनगट ओळखी, आणि बाईसाहेबांशी या भाषेत बोलण्याची छाती तिचीच.

"अंगुरीबाई, पूरा हात मुठी करके बैठे तुमी. चुडी कैसी जायेगी? क्या हुआ, एक कान कम पडला ना? तो उसना आणा."

"कान उसना भेटते का, सुलतान?"

"तुमच्या जावेपाशी दो दो पडे हैं."

"तिच्या दारात जाऊ? मी?"

"भऱ्या मांडवात नाक जाईन, त्यापक्षा तिच्या दारात गेलं तं निस्ती ती एकलीच पाहीन," सुलतानबी म्हणाली आणि मूठ ढिली पडली तो संधी साधोन सहा बांगड्या चढविल्या.

तो सल्ला बाईसाहेबांस रात्रभर कडू लागला आणि सकाळी खरा वाटला. मग कोणास न सांगता, तुरीच्या पोत्यांनी भरल्या जीपमध्ये पुढे बसोन, त्या शेलूबाजारी गेल्या. दरमजल सर्व विचार एकच की काय बोलावे, आणि जे जे शब्द जुळविले ते ते सडकेच्या खड्ड्यांत सांडोन गेले. भागिरथीबाई दारात आल्या, पदर हनुवटीपावेतो.

"या जाऊबाई. वाट चुकल्या का?"

"चुकली नाई. मुद्दाम आली."

पाणी दिले. गुळाचा खडा दिला. बाईसाहेबांनी दोन्ही घेतले नाहीत, आणि मग घेतले, आणि मग एका श्वासात बोलिल्या, कारण दुसरा श्वास घेतला असता तर तोंडून शिवी निघाली असती.

"भागे, मले तुया डावा कान पाह्यजे."

भागिरथीबाईंनी पेला खाली ठेविला. बाईसाहेबांनी पदर सारिला, नितळ पाळी दाखविली, आणि अकोल्याचा सर्व मजकूर सांगितला, भोकाचे ऐंशी रुपये कैसे वाचविले तेही सांगितले. भागिरथीबाईंनी सर्व ऐकिले.

"रीत तं अशी हाय," त्या म्हणाल्या, "का तुमचा कान गेला, तं दोनी झुमके माये."

"हाय. रीत तशीच हाय."

"मंग एकच कायले मागता?"

बाईसाहेबांनी गुळाचा खडा दाढेखाली फोडिला.  भागिरथीबाई उठल्या, दार लोटिले, खिडकी लोटिली, आणि येऊन समोर बसल्या, आणि उजव्या बाजूचा पदर वर केला. उजव्या कानाच्या पाळीचे दोन शेपे लोंबत होते.

"मायाबी एकच हाय," भागिरथीबाई म्हणाल्या.

"हे कधी झालं, माय?"

"दोन वर्सं झाली. तुमी तीन तोळ्याचे घालता म्हनून मी चार-चार तोळ्याचे घडवले. बारसं असो का मयत, घालून जा. एक दिस पंगतीत वाढता वाढता तुटला अन् झुमका पडला वरनात. जवाई म्हने, सासूबाई, वरन लय भारी झालं." मग त्यांनी पदर तोंडास लाविला. "तुमचा कान गेला असं आयकलं तवापासून मले झोप नाई, जाऊबाई. हक्क माया घरी आला तं मांडवात पदर काढा लागीन ना मले."

तेव्हा बाईसाहेब हसू लागल्या. आधी नाकातून, आणि मग पोटातून, आणि मग ऐशा की नवी पाळी ओढू लागली आणि त्यांनी ती हाताने धरिली, आणि भागिरथीबाईंनी आपली धरिली, आणि दोघी कान धरोन हसत बसल्या. ज्या गनिमास भिऊन एकीने अकोला गाठिले, तो गनीम शेलूबाजारात तिलाच भिऊन दारे लावीत होता.

उपरांतिक तह जाहला, तो येणेप्रमाणे. झुमक्यांची वहिवाट वाशीमच्या घराण्यात चालावी. उजवा झुमका अंगुरीबाईंनी व डावा भागिरथीबाईंनी ल्यावा, आणि दोघींनी एकाच पाटावर बसावे. पेच उलगडताना उजवा आधी उलगडावा. या कलमावर सांजपावेतो तंटा चालिला आणि दोनदा तह मोडिला. आणि लग्न आटोपताच बाईसाहेबांनी भागिरथीबाईंस अकोल्यास न्यावे, तेथे भाव बाईसाहेबांनी करावा, मात्र भोकाचे बोलणे भागिरथीबाईंनी करावे.

माघात लग्न लागले. कानउतारासाठी पाट मांडिला आणि सर्व समाज सरकून पुढे आला, आणि पाटावर एक सोडून दोन सासवा बसल्या, उजवीकडे अंगुरीबाई आणि डावीकडे भागिरथीबाई, खांद्यास खांदा, मस्तकास मस्तक, ऐशा चिकटून की आतले दोन कान एकमेकांस टेकले आणि बाहेरचे दोन तेवढे जगास दिसले. एकीचा नवा आणि एकीचा तुटका, ऐसे ते दोन कान मध्ये अंधारात कोणाच्या दृष्टीस न पडता एकमेकांवर दाबले गेले. बाईसाहेबांस जावेची नाडी कानात ऐकू येत होती. ती भयाने धावत होती. मग ध्यानात आले की त्यातली निम्मी आपलीच आहे.

समाजातले एक वडील पंच उठले आणि म्हणाले की रीत एका सासूची आहे, दोघींची आजवर ऐकिली नाही. मांडवात कुजबुज उठली. मिश्रीलाल टोपी चाचपू लागले. सर्व प्रसंग सुंदरबाईंच्या हातावर येऊन ठेपला, कारण पेच त्यांनी उलगडायचा, आणि त्या हात मागे घेत्या तर दोन्ही घराणी उघडी पडती. सुंदरबाई केनवडच्या दुकानदाराची बायको. त्यांनी दोन्ही विहिणींकडे निरखून पाहिले, मध्ये जेथे मस्तके चिकटली होती तेथे अंमळ जास्ती निरखून पाहिले, आणि जे समजायचे ते समजल्या, आणि पंचांकडे वळोन बोलिल्या,

"एका सासूच्या भावात दोन भेटून राह्यल्या, भाऊसाहेब. तुमी कायले सौदा मोडता?"

सारा मांडव हसला. पंचही हसले, आणि हसलेल्या पंचास आक्षेप चालविता येत नाही. सुंदरबाईंनी उजवा पेच उलगडिला, मग डावा उलगडिला, आणि दोन्ही झुमके अंजनाच्या कानात घातले. पोरीची मान अंमळ वाकली, आणि सावरली. तेव्हा बाईसाहेबांच्या ध्यानात आले की मांडवातल्या निम्म्या म्हाताऱ्या आपापल्या पदराखाली हात घालोन काही चाचपीत आहेत, आणि एकमेकींकडे पाहत नाहीत.

येणेप्रमाणे डाव्या कानाची मोहीम फत्ते जाहली. भाव पाहता विलायत बावीसशे पन्नास, मुंबई हजार, अकोला एकशेवीस, आणि शेलूबाजारचा कान एका गुळाच्या खड्यात, परंतु जो सर्वांत स्वस्त पडला त्यासाठीच बाईसाहेबांस सर्वांत जास्ती मोजावे लागले, हे घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. फाल्गुनात दोघी जावा अकोल्यास गेल्या. बाईसाहेब पायरीवर उतरल्या तेव्हा डाक्टराने या खेपेस हाक मारिली, आणि दहा रुपये सोडिले. हाक कैसी मारायची ते त्यास भागिरथीबाईंनी आधी शिकविले होते, ऐसे मागाहून कळले.

शेलूबाजारीही या प्रसंगाची हकीकत लिहून ठेविली आहे ऐसे ऐकतो. तीत डावा पेच आधी उलगडिला ऐसे लिहिले असल्यास ती खोटी समजावी.